शाळूची भाकरी, शिंजिराचं घरटं आणि पाठकोरे कागद

मध्यंतरी दोघातिघांनी फोन करून विचारलं, बाई हल्ली तुमचं काही वाचायला मिळालं नाही, तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. गुडघे बोलतात, बीपीची गोळी आहे, पण या वयात ते सगळ्यांनाच असतं, त्याचं काय एवढं. लिहिलं नाही कारण घरात इतकी रमले होते की लिहायला बसायचं सुचलंच नाही, आणि असं माझ्या बाबतीत कधी होईल हे चाळिशीत कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

मी शाळेत मराठी शिकवायचे आणि कथा लिहायचे. सकाळची शाळा, दुपारी वह्यांचा गठ्ठा, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, आणि सगळं घर झोपलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कथा. त्या काळात माझ्या डोक्यात एक माणूस कायम जागा असायचा आणि तो सगळ्याची नोंद ठेवायचा. एसटीत शेजारी बसलेली बाई तिच्या जावेबद्दल काय म्हणाली, लग्नाच्या पंगतीतून कोण न जेवता उठलं, शेवटच्या आजारपणात आईच्या हातावरच्या शिरा कशा दिसायच्या, सगळं सगळं. म्हणजे मी रडत पण असायचे आणि आत कुठेतरी शब्द पण शोधत असायचे. लिहिणाऱ्याला हे करावंच लागतं, त्याशिवाय कथा होत नाही, आणि माझ्या हातून ज्या झाल्या त्यांचं मला मनापासून समाधान आहे. पण तो आतला माणूस गेल्या काही वर्षांत हळूहळू गप्प झालाय, आणि तो गप्प झाल्यावर जे काही हाताला लागलंय ना, त्याबद्दल मला आज सांगायचंय.

आमचं सगळं वर्ष दिवाळी अंकांच्या हिशोबानं चालायचं. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्यांच्या किती पिढ्या त्या वेळापत्रकात वाढल्या. आषाढ लागला की संपादकांची पोस्टकार्डं यायला लागायची, गणपतीच्या आत कथा मिळावी, शब्दमर्यादा अमुक, वगैरे. त्यामुळे ऐन तरुणपणातले पावसाळे आठवायला गेले की मला पाऊस फारसा आठवतच नाही, अडलेले शेवट आठवतात, आणि पाठकोऱ्या कागदांवर केलेली खाडाखोड. आता कुणी मागितलं तर मी प्रेमानं नाही म्हणते. झालंच तर देईन, असं सांगते. आणि पावसाळ्यात गॅलरीत खुर्ची टाकून मनसोक्त पाऊस बघते.

सकाळ आमच्याकडे यांची असते. हे साडेपाचला उठतात, आधी पाणी तापवतात, मग चहा, आणि चहा झाल्याशिवाय मी उठायचं नाही असा त्यांनी नियमच केलाय. बँकेत होते तेव्हा बदल्यांच्या गावी एकटे राहून स्वतःचा चहा स्वतः करायची सवय लागली, ती आता माझ्या कामी येतेय. कुंडीतली गवती चहाची दोन पाती, आलं किसून नाही तर ठेचून, म्हशीचं दूध, साखर अगदी बेताची. मग पेपर. पेपरातलं शब्दकोडं आम्ही दोघं पेन्सिलनं सोडवतो. ते मोठ्यानं वाचतात, 'चार अक्षरी, तिसरं अक्षर र', मी गादीवरूनच उत्तर देते. कधी अडलं तर दिवसभर अडून राहतं, दुपारी भांडी विसळताना एकदम आठवतं आणि मी आतून ओरडते, अहो मिळालं! इतका आनंद मला एखादी कथा छापून आल्यावर व्हायचा, खरंच सांगते.

फेब्रुवारी हा सांगलीत खाण्याचा महिना आहे. बाहेरगावच्या लोकांना सांगली म्हटलं की हळद आठवते, भडंग आठवतं, पण माझ्यासाठी या दिवसातली सांगली म्हणजे कृष्णाकाठची वांगी आणि नवा शाळू. नदीकाठच्या गावांमधून बायका पाट्या घेऊन येतात, आमच्या विश्रामबागच्या कोपऱ्यावर पण एक मावशी बसतात, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती त्यामुळे त्याही मला बाईच म्हणतात. 'बाई, आजची घ्या, पहाटेची तोडलेली हायती', असं म्हणून त्या देठ दाखवतात. देठ हिरवागार आणि काटेरी पाहिजे, वांगं हातात घेतल्यावर हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बिया फार. ते घरी आणून गॅसवरच भाजायचं, वरून तेलाचा हात फिरवून, साल करपून सुटेपर्यंत. सोबत दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या पण भाजून घ्यायच्या. मग सगळं कुस्करून त्यात कच्चा कांदा, दाण्याचं कूट, कोथिंबीर, मीठ, वरून कच्चं तेल. फोडणी नाही. फोडणी दिली की त्या भाजल्या वासाची मजा जाते हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि भाकरी शाळूचीच. ज्वारी वर्षभर मिळते पण रब्बीचा शाळू निघाला की त्याची गोडी वेगळीच. आमच्याकडे मंगळवेढ्याकडची मालदांडी येते, यांचे एक जुने सहकारी पोतं पाठवतात. मी एका वेळी थोडंच दळून आणते कारण शिळ्या पिठाची विरी जाते, मग कितीही चांगलं मळा, भाकरी थापताना कडेनं चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो ना, म्हणून पाणी चांगलं तापलेलं पाहिजे, कढत पाण्यानं पीठ धरून येतं, आणि मग तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. सासूबाईंची लाकडी काठवट अजून आहे माझ्याकडे, परातीत मला ते समाधान मिळत नाही. थापताना हात गोल फिरतो, भाकरी आपणहून फिरायला लागते, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर धरली की टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा पहिल्यांदा उचलायचा, आत वाफ असते, त्यावर तूप.

पूर्वी मी भाकरी थापताना कथेचा विचार करायचे. पात्रं बोलत असायची डोक्यात. एका कथेतल्या सुनेचं अख्खं भाषण मी काठवटीपुढे बसून तयार केलेलं आठवतंय. आता भाकरी थापताना माझ्या डोक्यात फक्त भाकरी असते. आणि मला कळत नाही हे लोकांना कसं समजावून सांगू, पण त्या भाकरीला जास्त चव लागते.

आता डोळ्यांचं सांगते. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आधी उजवा मग डावा. सगळे सांगत होते स्पष्ट दिसायला लागेल, ते तर झालंच, पण रंगांबद्दल कुणी बोललं नव्हतं. वयानुसार डोळ्यातलं आपलं मूळ भिंग पिवळं पडत जातं आणि ते निळा प्रकाश अडवतं, इतकं सावकाश की आपल्याला पत्ता लागत नाही. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मी एक एक डोळा झाकून घरभर फिरले. डाव्यानं बघितलं की भिंत सायीच्या रंगाची, उजव्यानं बघितलं की पांढरी शुभ्र. यांचा एक शर्ट मी कित्येक वर्षं ग्रे समजत होते तो निळा निघाला! मोने नावाचे फ्रेंच चित्रकार होऊन गेले, त्यांचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन 1923 साली झालं होतं, आणि त्याच्या आधीच्या वर्षांतली त्यांची चित्रं तांबूस, तपकिरी होत गेली होती. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या डोळ्यांनी निळा रंग परत मिळणं वेगळं.

त्या आठवड्यात मी पहिलं काम काय केलं असेल तर कपाटातून शाईची दौत काढली. कॅमलची रॉयल ब्लू, मी शाळेत असल्यापासून तीच. पेन धुतलं, भरलं, आणि पाठकोऱ्या कागदावर नुसत्या रेघा ओढत बसले. मग माझं नाव लिहिलं, मग यांचं, मग आईचं. ओली शाई कागदावर उतरते तेव्हा ती अगदी गडद असते, वाळताना थोडी फिकी होते, तो बदल मला पुन्हा दिसायला लागला होता. लिहायला काही विषय नव्हता, कुणाला पाठवायचं नव्हतं. अर्धा तास गेला असेल. पाठकोरे कागद माझ्याकडे भरपूर आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका, बिलं, सोसायटीची पत्रकं, एका बाजूनं कोरा कागद टाकून देणं मला आजही जमत नाही आणि नव्या कोऱ्या कागदावर माझा हात मोकळा चालत नाही.

पण फार वेळ पेन धरवत नाही, थंडीत सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात. यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीनं उपाय काढून दिला. फोनच्या कीबोर्डवर माईकचं चित्र असतं, ते दाबून बोललं की मराठी अक्षरं उमटतात, फक्त स्वल्पविराम बिराम नंतर हातानं टाकायचे. 'आजी तुम्ही वर्गात शिकवायचा तसं बोला, मग नीट येतं', असं ती म्हणाली आणि ते खरंच आहे. हा मजकूर पण अर्ध्याहून जास्त असाच बोलून झालाय, वाक्यं लांब झाली असतील, राहू देत तशीच. बोलून लिहिण्यात मला एक नवीन गोष्ट सापडलीय, की लिहिताना जिथे मी थांबून चांगला शब्द शोधायचे तिथे बोलताना पहिलाच शब्द येतो आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. चाळीस वर्षं लिहिल्यावर हे कळलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

गॅलरीत सध्या शिंजिराचं घरटं आहे. काही जण सूर्यपक्षी म्हणतात. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला एक जुनी दोरी लोंबत होती, तिथेच मादीनं जागा पसंत केली. घरटं तीच एकटी बांधते, नर नुसता आसपास मिरवत असतो, काळाभोर, उन्हात आला की जांभळा निळा चमकतो. कोळ्याची जाळी चोचीत गोळा करून आणते, त्याच्यात सालीचे तुकडे, वाळकी पानं, कापूस, काहीही कचरा गुंतवते. लांबून बघितलं तर जाळ्यात अडकलेला केर वाटेल. पण बाजूनं दार आहे आणि दारावर छोटंसं छप्पर. आतून कापूस. हे बघायला मी रोज सकाळी नऊच्या सुमारास खुर्ची दाराच्या आतल्या बाजूला ठेवून बसते, पडदा थोडासा उघडा ठेवून. आम्ही कपडे आता गच्चीवर वाळत घालतो. यांना दोन मजले चढायला लागतात पण त्यांनीच ते ठरवलं, मी काही बोलले नव्हते. पिल्लं उडून जाईपर्यंत गॅलरीत झाडू पण हळूच.

मी तिच्यावर काही लिहिणार नव्हते. ही एवढीच चार वाक्यं. पूर्वी असती तर या मादीची मी एक बाई केली असती, नवऱ्याला घरकामात रस नाही वगैरे, आणि कथा बरी पण झाली असती. पण ती बाई नाहीये, ती पाखरू आहे आणि जाळीचा एक धागा ओढून नीट बसवायला तिला चार वेळा यावं लागतं, हे बघण्यातच माझी सकाळ भरून जाते.

दुपारी जेवण, झोप, आणि उठल्यावर रेडिओ. सांगली आकाशवाणी 6 ऑक्टोबर 1963 ला सुरू झाली, मी शाळेत होते, आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर आम्ही सगळ्या बसलो होतो. पुढे त्याच केंद्रावर मी कथा वाचल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पानं सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान उचलून न ठेवता बाजूला सरकवायचं, ही शिस्त तिथल्या लोकांनी लावली. अजून माझा रेडिओ त्या केंद्राच्या 1251 किलोहर्ट्झवरच असतो. एलईडी दिवा लावला की मीडियम वेव्हवर खरखर येते म्हणून स्वयंपाकघरातला दिवा बंद करून, खिडकीच्या उजेडात मी शेंगा फोडत, नाहीतर लसूण सोलत ऐकते. मोबाईलवर स्वच्छ ऐकू येतं असं मुलगा सांगतो. येत असेल. मला त्या सुईनं स्टेशन पकडायचं असतं.

पुस्तकांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 आहे म्हणजे बघा. आमचं घर उंचावर, आमच्याकडे पाणी आलं नाही, पण गावभाग, बाजारपेठ सगळी पाण्यात होती, आणि राजवाडा चौकातल्या नगर वाचनालयात पाणी शिरून पुस्तकं भिजली. ज्यांनी भिजलेली पुस्तकं बघितली नाहीत त्यांना सांगते, पुस्तक पाणी पिऊन फुगतं, एकमेकांत इतकं दाबून बसतं की कपाटातून ओढून निघत नाही, पानं चिकटून एक ठोकळा होतो. मी कॉलेजात असताना तिथूनच आणून वाचायचे. ते फोटो बघून मी दोन दिवस जेवले नाही.

त्यानंतर मी माझी पुस्तकं द्यायला सुरुवात केली. काही वाचनालयाला, काही शाळेला, काही ओळखीच्या मुलामुलींना. आयुष्यभर एक एक करून जमवली होती, पगारातून, प्रदर्शनातून, लेखक मित्रमैत्रिणींच्या सह्या असलेली. वाटलं होतं जड जाईल. नाही गेलं. उलट प्रत्येक पुस्तक देताना ते कुणाला द्यायचं याचा विचार करण्यात मजा येते, दोन दोन दिवस मी त्यात घालवते. हा मुलगा शेतीचं शिकतोय त्याला हे आवडेल, ती मुलगी अबोल आहे तिला ते द्यावं. माझ्या पुस्तकांत समासात पेन्सिलनं लिहिलेलं असतं, ते मी खोडत नाही. मिरजेच्या एका मुलाचा मध्ये फोन आला, म्हणाला, 'बाई, तुम्ही एका ठिकाणी हे पटलं नाही असं लिहिलंय, मलाही नाही पटलं, मी खाली लिहून ठेवलंय, चालेल ना?' मी म्हटलं चालेल काय, अरे तारीख पण घाल. आम्ही मग बराच वेळ त्या प्रकरणावर बोललो. त्यानं सांगितलेलं कारण माझ्या कारणापेक्षा वेगळं होतं आणि जास्त चांगलं होतं. आता त्यानं ते पुस्तक पुढे त्याच्या मित्राला दिलंय. कपाटाचे वरचे दोन खण रिकामे झालेत, तिथे यांनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात आणि त्या तिथे छान दिसतात.

स्वतःसाठी मी थोडी पुस्तकं ठेवलीत, जी पुन्हा पुन्हा वाचायची आहेत. आता नवीन फार वाचत नाही. एकच पान दोनदा वाचते, मोठ्यानं वाचते, यांना ऐकवते. संध्याकाळी दिवे लागले की अर्धा तास मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. ते बँकेतले, त्यांना पूर्वी कथा कादंबऱ्यांचं वेड नव्हतं, पण आता 'कालचं कुठपर्यंत आलं होतं?' असं तेच विचारतात, आणि कधी मी दमलेली असले तर पुस्तक हातात घेऊन तेच वाचतात. त्यांचं वाचन सपाट आहे, विरामचिन्हं न बघता एका दमात, पण त्यांच्या आवाजात ऐकायला मला फार बरं वाटतं.

रविवारी पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल असतो. तिला भडंग लागतं. इथून डबा पाठवायचा म्हणजे जाड टपोरे चुरमुरे आधी उन्हात ठेवायचे, लसूण ठेचून तेलात चांगला लाल करायचा, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट, मीठ, शेवटी पिठीसाखर. उद्या ऊन चांगलं पडलं तर करणार आहे.

आणि हो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी माझ्या जुन्या शाळेनं बोलावलंय. त्यांना भाषण हवं होतं. मी हेडबाईंना सांगितलं की भाषण नको, मला आठवीचा एक वर्ग द्या आणि दोन तास द्या, मुलं आळीपाळीनं मोठ्यानं वाचतील आणि मी ऐकेन, मध्ये अडलं तर सांगेन. त्या आधी जरा घोटाळल्या, पाहुण्यांसाठी स्टेज वगैरे सगळं ठरलं होतं त्यांचं, पण मग हो म्हणाल्या. मुलांनी घरून आपापलं आवडतं पुस्तक आणायचं आहे, कुठलंही चालेल, आणि ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्यासाठी मी पिशवी भरून नेतेय. रिक्षा सांगून ठेवलीय, पिशवी हे उचलणार आहेत.